परिचारिकेची पहिली नोकरी : पगाराबरोबर रात्रपाळीही विचारा

परवा संध्याकाळी दवाखाना बंद करायच्या बेतात होतो, तेवढ्यात फुलंब्री तालुक्यातले माझे एक जुने पेशंट आत आले. गेली पंधरा वर्षे ते रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी माझ्याकडे येतात. या वेळी रक्तदाब हे नुसते निमित्त होते. सोबत त्यांची मुलगी होती. चार वर्षांचा बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम पूर्ण करून, महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी हातात घेऊन ती नुकतीच मोकळी झाली होती.

"डॉक्टरसाहेब, पोरगी पास झाली. आता तुम्हीच सांगा, हिला कुठं चिकटवावं?"

तीन ठिकाणांहून तिला बोलावणे आले होते. पहिले, शहरातले एक पंचवीस खाटांचे खासगी रुग्णालय. पगार पंधरा हजार, पहिल्याच दिवसापासून आयसीयूत ड्यूटी. अट एवढीच की मूळ प्रमाणपत्रे जमा करायची आणि दोन वर्षांचा बाँड लिहून द्यायचा. दुसरे, शहरातलेच एक मोठे रुग्णालय. पगार बारा हजार, पहिले तीन महिने जुन्या सिस्टरच्या हाताखाली, मग वेगवेगळ्या वॉर्डांत फिरती. तिसरे, पुण्याचे एक कॉर्पोरेट रुग्णालय. पगार बावीस हजार, पण राहण्या-जेवणाचा खर्च आपला. याशिवाय आईचा एक चौथा मार्ग होताच : घरी बसून अभ्यास कर आणि सरकारी परीक्षा दे.

वडिलांचा कल पहिल्या ठिकाणाकडे होता. "घरापासून जवळ आहे, पैसाही बरा आहे. अन् पहिल्याच दिवशी आयसीयू म्हणजे मानाचं काम, नाही का?"

मी मुलीला एकच विचारले, "रात्रपाळीला तुझ्यासोबत दुसरी सिस्टर कोण असेल?"

ती गोंधळली. "ते विचारलंच नाही, डॉक्टरकाका."

हा आठवडा त्या न विचारलेल्या प्रश्नासाठी आहे. ज्यांच्या घरात नर्सिंग झालेली मुलगी किंवा मुलगा आहे त्यांनी तर हे वाचावेच. पण ज्यांच्या घरात तसे कोणी नाही, त्यांनीही पान उलटू नये. आज ना उद्या आपल्यापैकी प्रत्येक जण कुठल्यातरी खाटेवर असणार आहे आणि रात्री दोन वाजता आपल्या उशाशी डॉक्टर नसतो, सिस्टर असते.

सोबत कोणी असणे म्हणजे काय

माझेच उदाहरण देतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी आपल्या घाटीत आंतरवासिता करत होतो. १९५६ साली सुरू झालेले हे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय म्हणजे अख्ख्या मराठवाड्याचा आधार. जालना, बीड, परभणी, हिंगोली, इतकेच काय पण बुलढाण्याकडूनही रुग्ण येत, आजही येतात. बालरोग विभागात एका रात्री मी एका तान्ह्या बाळाच्या केसपेपरवर इंजेक्शन लिहिले आणि डुलक्या देत खुर्चीत बसलो. थोड्या वेळाने इन्चार्ज सिस्टर केसपेपर घेऊन आल्या. बाई केरळच्या, मराठी मोडकेतोडके, नोकरी मात्र वीस वर्षांची. त्यांनी काही सुनावले नाही. एवढेच विचारले, "डॉक्टर, बेबीचं वजन किती?"

मी कागद पाहिला आणि घाम फुटला. ०.५ च्या जागी मी ५ लिहिले होते. दशांश चिन्ह राहून गेले होते. मी दुरुस्ती केली, त्यांनी इंजेक्शन भरले आणि त्या निघून गेल्या. ते बाळ आज तिशीत असेल. त्याच्या आईवडिलांना या प्रसंगाची कधी कल्पनाही आली नसेल.

आता दुसरी गोष्ट. माझ्या ओळखीच्या एका घरातली मुलगी जीएनएम होऊन एका छोट्या रुग्णालयात लागली. आठवड्याभरात तिला एकटीला रात्रपाळी दिली. बारा खाटा, ही एक सिस्टर आणि एक मावशी. जुलाबाने बेजार झालेल्या एका रुग्णाच्या रक्तात पोटॅशियम कमी निघाले. डॉक्टरांनी घरून फोनवर सांगितले, "पोटॅशियम देऊन टाक." तिने अॅम्प्यूल फोडले, सिरिंजमध्ये भरले आणि ती रुग्णाच्या हाताशी गेली. तेवढ्यात फरशी पुसणारी मावशी म्हणाली, "बाई, ते तर सलाइनमधी टाकतेत ना?"

वाचकांसाठी खुलासा करतो. पोटॅशियम क्लोराइडचे ते दहा मिलिलिटरचे अॅम्प्यूल सलाइनमध्ये मिसळून, हळूहळू, कित्येक तास द्यायचे असते. तसेच्या तसे शिरेत दिले तर हृदय जागच्या जागी थांबू शकते. पुस्तकात हे त्या मुलीने वाचले होते. परीक्षेत लिहिलेही असेल. पण रात्रीचे तीन, सहा नातेवाईक डोक्यावर उभे, दुसऱ्या खाटेवर सलाइन बंद पडलेले आणि फोनवर घाईघाईचे अर्धवट वाक्य अशा वेळी वाचलेले आठवतेच असे नाही.

रुग्ण वाचला. मुलीने मात्र दुसऱ्या दिवशी नोकरी सोडली आणि चार महिने ती घरी बसून राहिली. "मला हे काम जमणार नाही," एवढेच ती म्हणे. तिला झोप लागत नाही म्हणून वडील तिला माझ्याकडे घेऊन आले, तेव्हा ही हकिकत कळली.

या दोन्ही प्रसंगांत चूक सारखीच आहे. मी काही तिच्यापेक्षा हुशार किंवा सावध नव्हतो. फरक एवढाच की माझ्या मागे वीस वर्षांची अनुभवी सिस्टर उभी होती आणि तिच्या मागे कोणी नव्हते. नशिबाने एक मावशी होती. पण रुग्णाचा जीव मावशीच्या स्मरणशक्तीवर सोडणे याला व्यवस्था म्हणत नाहीत.

अमेरिकेतल्या परिचर्या शास्त्राच्या अभ्यासक मार्लिन क्रेमर यांनी १९७४ साली नव्या परिचारिकांच्या या अवस्थेवर एक पुस्तकच लिहिले. त्याचे नाव 'रिअॅलिटी शॉक', म्हणजे वास्तवाचा धक्का. महाविद्यालयात शिकलेले काम आणि वॉर्डातले काम यांतले अंतर पाहून नवी मुलगी आतून हादरते आणि तो धक्का पचवायला तिला आधार लागतो. म्हणून माझे मत असे आहे की पहिली नोकरी ही शिक्षणाचेच पुढचे वर्ष समजावे. शाळा निवडताना आपण शिक्षक कोण आहेत ते पाहतो ना? तसेच इथेही पाहावे.

एका सिस्टरमागे किती रुग्ण?

दुसरा प्रश्न संख्येचा. भारतीय परिचर्या परिषदेचे निकष असे आहेत की वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी, सर्वसाधारण रुग्णालयात पाचांमागे एक, अतिदक्षता विभागात खाटेमागे एक. शिवाय रजा आणि आजारपणासाठी ३० टक्के जादा. हे निकष आपल्याकडे किती ठिकाणी पाळले जातात, हे वाचकांनी आपल्या अनुभवावरून ठरवावे. सरकारी वॉर्डात रात्री एका सिस्टरकडे तीस-चाळीस रुग्ण मी स्वतः पाहिले आहेत.

हा प्रश्न फक्त सिस्टरच्या दमण्याचा नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा एक मोठा अभ्यास लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांबाबत त्यात असे दिसले की परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. तिथे चार रुग्णांऐवजी आठ झाले तर काय होते याचा हिशेब मांडला होता. आपल्याकडे तर मोजणीच तिथून पुढे सुरू होते.

आपल्या मराठवाड्यातले उदाहरण फार जुने नाही. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या २४ तासांत नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बालके होती. आपल्या घाटीतल्या मृत्यूंचीही तेव्हा चर्चा झाली. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. औषधांचा प्रश्न, खाटांचा प्रश्न, रिक्त पदांचा प्रश्न, सगळेच त्या वेळी वर आले आणि काही दिवसांनी सगळेच खाली बसले.

आणि काही अघटित घडले तर जबाबदारी कोणावर येते? ६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहिल्यानगरच्या, तेव्हाच्या अहमदनगरच्या, जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली आणि कोविडचे ११ रुग्ण मृत्युमुखी पडले. त्यानंतर निलंबन आणि अटकेची जी कारवाई झाली तीत परिचारिकाही होत्या. दोष कोणाचा हे ठरवायला न्यायालये आहेत, मी नाही. पण नव्या मुलीने एवढे ध्यानात ठेवावे की ड्यूटीच्या कागदावर जिचे नाव असते, पहिली चौकशी तिचीच होते. म्हणून आयसीयूत एकटीने ड्यूटी हा पहिल्या महिन्यात मान नसतो, ती जोखीम असते. अशा वेळी "मला अजून हे येत नाही, सोबत द्या" म्हणण्यात कमीपणा नाही. ते शहाणपण आहे.

पगार, बाँड आणि मूळ कागद

पगार विचारूच नये असे मी म्हणणार नाही. ज्या बापाने पोरीच्या फीसाठी म्हैस विकली त्याला पगाराचा विचार करू नको असे सांगणे सोपे आहे आणि क्रूरही आहे.

खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या पगाराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. २०१६ च्या जानेवारीत न्यायालयाने केंद्र सरकारला समिती नेमायला सांगितले. त्या समितीच्या शिफारशी अशा : २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर राज्य सरकारी परिचारिकेइतकाच पगार, १०० ते २०० खाटा असतील तर त्यापेक्षा १० टक्क्यांहून कमी नाही, ५० ते १०० खाटांना २५ टक्क्यांपर्यंत सवलत, आणि ५० पेक्षा लहान रुग्णालयातही महिना २०,००० रुपयांहून कमी नाही. केंद्राने या शिफारशी राज्यांकडे पाठवल्या. माझ्याकडे येणाऱ्या मुलींच्या पगाराचे आकडे ऐकले की त्या पुढे कुठे थांबल्या असाव्यात असा प्रश्न पडतो.

उलट बाजूला सरकारी अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी ३५,४०० पासून सुरू होते. त्यामुळे आईबापांचे डोळे सरकारी नोकरीकडे लागले तर नवल नाही. पण ती जाहिरात कधी निघेल याचा भरवसा नसतो. पदे कंत्राटी आणि बाह्यस्रोतांतून भरण्याच्या विरोधात राज्यातल्या परिचारिकांना २०२२ च्या मे महिन्यात संपावर जावे लागले होते, हे विसरू नये. परीक्षेचा अभ्यास जरूर करावा, पण काम करता करता करावा. दोन वर्षे घरी बसून राहिलेल्या मुलीचे हात विसरतात. शीर शोधणे, नळी घालणे, मरणाऱ्या माणसाच्या नातेवाइकांशी बोलणे या गोष्टी गाइडमध्ये सापडत नाहीत.

बाँडबद्दल माझे मत स्पष्ट आहे. मूळ प्रमाणपत्रे कोणाच्याही ताब्यात देऊ नयेत. पडताळणीसाठी मूळ कागद दाखवावेत, साक्षांकित प्रती द्याव्यात आणि मूळ कागद घरी आणावेत. ज्यांना मुलगी टिकवायला तिची प्रमाणपत्रे कपाटात कुलूपबंद करावी लागतात, त्यांच्याकडे मुली का टिकत नाहीत हा विचार आपण आधीच करावा. नेमणुकीचे पत्र मागावे. त्यात पद, पगार, कामाचे तास, सुट्टी आणि नोकरी सोडताना द्यायची मुदत लिहिलेली असावी. भविष्य निर्वाह निधी कापला जातो का, तेही पाहावे.

स्वतःची प्रकृती आणि सुरक्षितता

हे आरोग्याचे सदर आहे, तेव्हा सिस्टरच्या आरोग्याबद्दलही लिहिले पाहिजे.

सुई टोचणे हा या व्यवसायातला सगळ्यांत नित्याचा अपघात. हिपॅटायटिस बी म्हणजे एक प्रकारची संसर्गजन्य कावीळ. लस न घेतलेल्या व्यक्तीला बाधित रुग्णाची सुई टोचली तर तिचा धोका ६ ते ३० टक्के असतो. एचआयव्हीचा धोका त्या मानाने बराच कमी, हजारात सुमारे तीन. हिपॅटायटिस बीची लस आहे. पहिली मात्रा, एक महिन्याने दुसरी, सहा महिन्यांनी तिसरी, आणि नंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून प्रतिकारशक्ती आली की नाही हे बघायचे. विद्यार्थिदशेत लस झाली नसेल तर रुजू होण्याआधी सुरू करा. वापरलेल्या सुईला परत टोपण लावू नका. सुई टोचलीच तर जखम पिळू नका, बोट तोंडात घालू नका, साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि लगेच वरिष्ठांना सांगा. एचआयव्ही प्रतिबंधक गोळ्या शक्यतो दोन तासांत आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात. घाटीत एआरटी केंद्र आहे. ओरडा बसेल या भीतीने दोन दिवस गप्प राहिलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. म्हणून मुलाखतीच्या वेळीच विचारावे की सुई टोचली तर तुमच्याकडे काय करतात? उत्तर तयार असेल तर समजावे की या रुग्णालयाने आपल्या माणसांचा विचार केला आहे.

दुसरी गोष्ट सांगताना हात जड होतो. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग ही तरुण परिचारिका ड्यूटी संपवून तळघरात कपडे बदलत असताना तिच्यावर हल्ला झाला. १८ मे २०१५ रोजी तिचे निधन झाले. मधली जवळजवळ ४२ वर्षे ती त्याच रुग्णालयात, अंथरुणावर होती आणि तिथल्या परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी घरच्या माणसासारखी तिची शुश्रूषा केली. तेव्हा कपडे बदलायची खोली कुठे आहे, तिला आतून कडी आहे का, रात्रपाळीला येण्या-जाण्याची सोय काय, हे प्रश्न विचारायला संकोच करू नका. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणे २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. समितीत कोण आहे, हेही विचारता येते.

मग जावे तरी कुठे?

आपल्या छत्रपती संभाजीनगरात आज पर्याय कमी नाहीत. घाटी आहे, चिकलठाण्याचे जिल्हा रुग्णालय आहे, शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. एमजीएम, हेडगेवार, कमलनयन बजाज यांसारखी मोठी रुग्णालये आहेत, आणि गल्लोगल्ली लहान नर्सिंग होम आहेत. माझ्यासारख्याने अमुक एका दाराकडे बोट दाखवणे योग्य नाही. पण काही गोष्टी सांगता येतात.

मोठे म्हणजे चांगले आणि लहान म्हणजे वाईट, असा सरसकट हिशेब करू नये. वीस खाटांच्या रुग्णालयात एखादी जुनी, शिकवण्याची हौस असलेली सिस्टर असेल आणि डॉक्टर स्वतः राउंडवर थांबून समजावून सांगत असतील, तर तिथे बाळंतपणापासून अपघातापर्यंत सगळे शिकायला मिळते. याउलट तीनशे खाटांच्या चकचकीत इमारतीत नव्या मुलीला कोणी विचारत नसेल, तर दुरून डोंगर साजरे. पहिले वर्ष शक्यतो जनरल मेडिसिन किंवा सर्जरीच्या वॉर्डात काढावे. तिथे माणसाचा आजार सगळ्या बाजूंनी दिसतो. आयसीयू, ऑपरेशन थिएटर, डायलिसिस हे नंतरचे.

गावाकडे ओढ असेल तर उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणूनही बी.एस्सी. नर्सिंगवाल्यांना संधी असते. काम मोलाचे आहे, पण तिथे तुम्हीच सर्वांत वरिष्ठ असता. म्हणून आधी वर्षभर वॉर्ड केलेला असेल तर उत्तम. परदेशाचेही तेच. अनुभवाचा कागद विचारला जातो आणि तो कागद पहिल्याच नोकरीत तयार होतो. नर्सिंग झालेल्या मुलांनाही, म्हणजे आपल्या वॉर्डातल्या 'ब्रदर'नाही, हे सगळे तसेच लागू आहे.

मुलाखतीला जाल तेव्हा शक्य झाल्यास एकदा संध्याकाळी पाळी बदलण्याच्या वेळी वॉर्डाबाहेर दहा मिनिटे उभे राहा. एक सिस्टर दुसरीला ओव्हर कसा देते ते बघा. दोघी खाटेखाटेपाशी जाऊन, कागद बघून बोलत असतील तर तिथे काम शिस्तीत चालते. पर्स खांद्याला अडकवून "सगळं ठीक आहे" म्हणत कोणी लिफ्टकडे पळत असेल, तर समजून घ्या. आणि एखाद्या नव्या सिस्टरला बाजूला घेऊन विचारा, "अडलं तर कोणाला विचारतेस?" तिने पटकन कोणाचे नाव घेतले, तर ती जागा चांगली.

आम्हा डॉक्टरांसाठी दोन शब्द

हे सगळे लिहिणारा मी धुतल्या तांदळासारखा नाही. काही वर्षे मीही दहा खाटांचे छोटे रुग्णालय चालवले. बारावी झालेल्या दोन मुलींना पांढरा अॅप्रन घालून उभे केले होते आणि रुग्ण त्यांना 'सिस्टर' म्हणत असत. मी कधी कोणाची चूक दुरुस्त केली नाही. परवडत नाही, हे माझे तेव्हाचे उत्तर होते. आज मागे वळून पाहतो तेव्हा वाटते, न परवडण्याची किंमत मी भरत नव्हतो, रुग्ण भरत होते आणि त्या मुली भरत होत्या. मोठे काही अघटित घडले नाही, हे माझे कर्तृत्व नव्हे.

म्हणून माझ्या व्यवसायबंधूंना विनंती आहे. नव्या सिस्टरला निदान तीन महिने एकटीने रात्रपाळी देऊ नका. फोनवर औषध सांगाल तेव्हा नाव, मात्रा, कशातून आणि किती वेळात हे पूर्ण सांगा आणि तिच्याकडून परत म्हणून घ्या. ती प्रश्न विचारेल तेव्हा वैतागू नका. तिचा प्रश्न हा तुमच्या रुग्णाचा विमा आहे. आणि वाचकहो, नातेवाइकाला दाखल करताना आपण खोलीला एसी आहे का, टीव्ही आहे का, हे विचारतो. पुढच्या वेळी रात्री प्रशिक्षित परिचारिका किती असतात, हेही विचारा. गिऱ्हाईक विचारू लागले की दुकानदार ठेवू लागतो.

पुढे काय झाले

मुलगी दोन दिवसांनी पुन्हा आली. तिने दोन्ही ठिकाणी जाऊन प्रश्न विचारले होते. पंचवीस खाटांच्या रुग्णालयात तिला सांगण्यात आले, "तुम्ही नोकरीला आलात की चौकशीला?" मोठ्या रुग्णालयात अधिसेविकाबाईंनी तिला स्वतः वॉर्डात नेले, जिच्या हाताखाली राहायचे त्या सिस्टरशी गाठ घालून दिली आणि मूळ कागद बघून तिथल्या तिथे परत केले. पुण्याचे तिने स्वतःच बाजूला ठेवले. "खोलीभाडं जाऊन हातात तेवढंच राहतं, काका. तिकडं वर्षभरानं जाईन."

वडिलांचा हिशेब मात्र सुटत नव्हता. "महिन्याला तीन हजार कमी, साहेब. म्हणजे वर्षाचे छत्तीस हजार गेले." कपाशीच्या भावाने दोन हंगाम मार खाल्लेल्या माणसाला छत्तीस हजार म्हणजे काय हे मला कळते. माझ्याकडे त्याला झटकन देण्याजोगे उत्तर नव्हते. मी त्यांना पोटॅशियमच्या अॅम्प्यूलची आणि चार महिने घरी बसलेल्या त्या मुलीची हकिकत सांगितली. ते बराच वेळ गप्प बसले.

सोमवारी ती बारा हजारांवर रुजू होते आहे. जाता जाता वडील म्हणाले, "ठीक आहे, तीन महिने बघू."

मी म्हटले, "सहा बघा. आणि तोवर तिच्या हिपॅटायटिसच्या लसीच्या तारखा तेवढ्या चुकवू नका."